अल्लाबक्ष बरं म्हणाला

दौंडात आमच्या मंडळाचं नाव पाटीवर 'गिरिभ्रमण मंडळ' आणि गावाच्या तोंडी 'रिकामटेकडे मंडळ' असं होतं. गावाचं फारसं चुकत नव्हतं. रविवारी पहाटे वीसबावीस धडधाकट पुरुष खांद्याला पिशव्या लावून डोंगर चढायला जातात आणि संध्याकाळी हात हलवत परत येतात, हे कुठल्याच शहाण्या माणसाला पटण्यासारखं नव्हतं. "वर काय पुरून ठिवलंय व्हय?" असं स्टेशनातले हमालसुद्धा विचारायचे. आम्ही हसायचो. तेव्हा आम्हाला स्वतःचं फार कौतुक होतं.

मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. नाव सावळाराम, पण सगळं गाव मास्तर म्हणायचं. नकाशावरचे डोंगर दाखवून कंटाळलो म्हणून मी हे मंडळ काढलं, असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे मंडळ काढलं अल्लाबक्षनं. मी त्याला नाव दिलं आणि चिटणीस होऊन बसलो. करणारा एक आणि मिरवणारा दुसरा, ही रीत काही मी पाडली नाही.

अल्लाबक्ष बागवान. बाजारात त्याचं फळांचं दुकान होतं, दुकान म्हणजे चार फळ्या आणि वर ताडपत्री. तरुणपणी तो पुरंदरच्या डोंगरावरच्या वाड्यांमधून सीताफळं घ्यायचा आणि पाट्या उतरवून यवतच्या स्टेशनात आणायचा. त्यामुळे भुलेश्वरापासून मल्हारगडापर्यंतच्या सगळ्या पाऊलवाटा त्याला घरच्या परसासारख्या माहीत. आम्ही शिकलेली माणसं कुठल्या शतकात कुणी काय बांधलं यावर वाद घालायचो. पाणी कुठं आहे ते अल्लाबक्षला विचारायचो.

मंडळाचे नियम मी वळणदार अक्षरात लिहून काढले होते. ते कुणी वाचले नाहीत. सगळे पाळायचे तो एकच नियम, आणि तो अल्लाबक्षचा होता. उतरताना तो सगळ्यांच्या शेवटी असायचा. उतरायला लागण्याआधी प्रत्येकानं त्याच्यासमोर जाऊन त्याच्या हातावर टाळी द्यायची, मगच वाटेला लागायचं. जेवढी माणसं चढली तेवढ्या टाळ्या झाल्या की तो आपली पिशवी उचलायचा. एक टाळी कमी असली तरी माथा सोडायचा नाही. पाट्या वाहणाऱ्या बाया दिवस मावळायच्या आत एकूण एक खाली आणायची त्याची जुनी सवय, ती त्यानं आम्हाला लावली होती. एकदा आमच्यातला मच्छिंद्र, रेल्वेतला कारकून, झाडाखाली ढाराढूर झोपून राहिला. अल्लाबक्षनं दीड तास हिंडून त्याला शोधलं आणि फक्त हात पुढं केला. मच्छिंद्रनं डोळे चोळत टाळी दिली.

चार वर्षं मंडळ बरं चाललं. मग आम्हाला अध्यक्षाची हौस आली.

अध्यक्ष मिळाले ते भांडगावचे हौसराव. कॅनॉलखालची बागायत, सोसायटीचे चेअरमन, आमच्या हायस्कुलाच्या कमिटीवर, आणि दाराशी लष्करी लिलावातली जीप. डोंगराशी त्यांचा संबंध एवढाच, की तो त्यांच्या शेतातून दिसायचा. त्यांचं नाव मीच सुचवलं. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती, हे इथंच सांगून टाकतो. पुढं कुणी मला भोळा समजायला नको.

एकोणसाठ सालच्या माघात भुलेश्वरची सहल ठरली. अध्यक्ष पहिल्यांदाच येणार होते. आणि नेमकं त्याच रविवारी संध्याकाळी अल्लाबक्षच्या घरी त्याच्या मुलीची मंगनी ठरली.

खातून ही त्याची एकुलती एक मुलगी. सातवी पास झालेली. गणित यथातथा, पण नकाशे असे काढायची की माझ्या हायस्कुलातल्या पोरांना मी ते दाखवायला नेत असे. मला गुरुजी म्हणायची. तिला शिरूरचं स्थळ आलं होतं. लालमहंमदशेठ, लाकडाच्या वखारीचे. त्यांचा मुलगा सुभान दवाखान्यात कंपाउंडर होता, त्याला शिकलेली बायको हवी होती. तो येऊन तिला बघून गेला होता, आणि 'आवडली' एवढंच न म्हणता तिच्या हातचा एक नकाशा मागून घेऊन गेला होता. असं स्थळ बागवानाच्या घरात पुन्हा येणार नाही हे अल्लाबक्षला, त्याच्या बायकोला चांदबीला आणि खुद्द खातूनला चांगलं कळत होतं. पुढं रमजान लागणार होता, म्हणून शिरूरकरांनी हाच रविवार धरला. तसं पत्र आलं तेव्हा सहल आधीच ठरलेली होती.

"मंडळीस्नी सांगा की, ह्या खेपेला न्हाई जमत म्हणून," चांदबी माझ्यादेखत त्याला म्हणाली.

"अगं, साडेचारची पाशिंजर हाय यवतला. पावणेसहाला घरात. ती लोकं दिवस मावळल्यावर बसणार," अल्लाबक्ष म्हणाला. "आन् अध्यक्ष पैल्यांदा डोंगर चढणार. कुठं पाय मुरगाळला म्हंजी? मी नगं का?"

त्याच्या मनात आणखी एक होतं, ते त्यानं मला वाटेत सांगितलं. त्यानं सगळ्या मंडळाला जेवायला बोलावलं होतं, आणि हौसरावांना खास. लालमहंमद मोठा माणूस. आपल्या बाजूनंही कुणी वजनदार बैठकीत असावं, पोरीला बाप फळं विकतो एवढंच दिसू नये. हौसराव येतो म्हणाले होते. अल्लाबक्षला त्याचं फार अप्रूप.

डोंगर आम्ही नऊला चढलो. हौसराव मात्र पलीकडच्या, पुरंदरातल्या माळशिरसच्या बाजूनं आले. तिकडून गाडीवाट बरीच वरपर्यंत येते. जीप खाली ठेवून त्यांनी उरलेला चढ तीन वेळा बसून पार केला आणि वर पोचल्यावर डोंगर चढण्याचे फायदे यावर भाषण केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. खिचडी झाली, ताकाचं गाडगं फिरलं. जेवण झाल्यावर मंडळी जिथं सावली मिळेल तिथं आडवी झाली. अल्लाबक्ष पातेली घेऊन देवळामागच्या टाक्यावर गेला. ते काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्याला कुणी नको म्हटलेलंही नव्हतं.

तीनच्या सुमाराला हौसरावांनी मला खुणेनं बोलावलं.

"मास्तर, आपण जीपनं पुढं होऊ. तेवढाच भांडगावला च्या घिऊ आन् दौंडात टायमात पोचू. तुमाला जागा हाय. अल्लाबक्षला सांगून या बिगीबिगी."

मी टाक्याच्या बाजूला निघालो. कड्याच्या अलीकडं उभा राहिलो तेव्हा खाली अल्लाबक्ष दिसला. माझ्याकडं पाठ करून उकिडवा बसला होता आणि राखेनं पातेलं घासत होता. मधे पन्नाससाठ पावलांचा उतार. उतरायचं आणि पुन्हा चढायचं. माझी टाच सकाळपासून सोललेली होती. आणि खाली गेलो असतो तर टाळी द्यावी लागली असती, तो म्हणाला असता, 'आन् अध्यक्षांची टाळी?' मग मी हौसरावांना काय सांगणार होतो? साहेब, जरा चला, बागवानाच्या हातावर हात मारून या? पाठीमागून हौसरावांचा आवाज आला, "मास्तर, आटपा!" मी वळलो. हाक मारायलासुद्धा तोंड उघडलं नाही. मनात म्हणालो, झोपेतून उठल्यावर मच्छिंद्रबिच्छिंद्र सांगेल कुणीतरी. मच्छिंद्रला काहीच ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

"सांगितलं?" हौसरावांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

हे माझं पहिलं खोटं. तेव्हा ते एवढंसं होतं.

जीपमध्ये पुढची जागा मिळाली. भांडगावला त्यांच्या ओसरीवर चहा झाला, कमिटीत माझ्याबद्दल चांगलं बोलतात असंही त्यांनी सांगितलं, आणि सहाच्या आत आम्ही अल्लाबक्षच्या दारात उतरलो. दारापुढं लहानसा मांडव, सतरंज्या, गुलाबपाणी. शिरूरची मंडळी मोटार करून आली होती. लालमहंमदशेठ पांढरी दाढी, मऊ बोलणं, वेळेचे पक्के. हौसरावांना मध्ये गादीवर बसवलं, शेजारी मला. आम्हीच जणू घरचे यजमान. अल्लाबक्ष कुठं दिसेना तेव्हा मला वाटलं, गाडी उशिरा असेल, येईल मंडळींबरोबर.

मंडळी आली साडेसहाला. पुढं मच्छिंद्र. मांडवात पाय टाकला आणि आम्हाला पाहून तो जागच्या जागी थांबला.

"मास्तर, तुम्ही हितं? आन् अध्यक्षबी? आवो, अल्लाबक्षभाई तुमाला वर हुडकत बसल्यात!"

लालमहंमदशेठनी मान वर केली.

"दोन टाळ्या कमी भरल्या," मच्छिंद्र सांगत होता, "तुमची आन् अध्यक्षांची. आमी लई हाका मारल्या. म्हणलं जीपनं गेलं असतील, तर भाई म्हणले, टाळीबिगर मास्तर जायचे न्हाईत. शेवटी म्हणले, तुमी गाडी गाठा, मी दोघांस्नी घिऊन येतो, त्येंच्याबिगार बैठक कशी व्हईल!"

सगळ्यांनी आमच्याकडं पाहिलं. हौसरावांनी पानाचा विडा गालात सरकवला आणि सावकाश माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुमी सांगून आला व्हता न्हवं त्याला?"

मला तेव्हा 'नाही' म्हणता आलं असतं. दोन अक्षरं होती. हौसरावांपुढं, शिरूरच्या पाहुण्यांपुढं, आमच्या वीस माणसांपुढं मी खोटा आणि आळशी ठरलो असतो, आणि दोन दिवसांत गाव ते विसरून गेलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं कमिटीची जूनमधली बैठक आली.

"हो, सांगितलं की," मी म्हणालो. आणि तेवढ्यानं भागत असताना, आपलं म्हणणं पक्कं व्हावं म्हणून मी पुढं जोडलं, "टाक्यावर भांडी घासत होते. बरं म्हणाले."

लालमहंमदशेठनी विचारलं, "म्हंजी त्येनला म्हाईत हाय, तुमी निघाला ते?"

"हो."

"आन् तरी वर थांबल्यात. आज. हितं मंगनी हाय हे ठावं असून."

 आतल्या दाराच्या पडद्याआडून चांदबी म्हणाली, "त्यो मानूस असा न्हाई, शेठजी." 

तरी शिरूरची मंडळी दीड तास थांबली. जेवणं झाली. हौसरावांनी पुलावावर ताव मारला आणि मसाल्याची तारीफ केली. मच्छिंद्र म्हणत होता, दोघंतिघं परत यवतला जातो, शोधतो. हौसराव म्हणाले, "त्यो त्याच डोंगरात वाढलाय. त्याला काय हुतंय? आपल्या मर्जीनं थांबलाय." आठ वाजता लालमहंमदशेठ उठले. आवाज चढवला नाही. "पोरीच्या मंगनीपरीस ज्याला डोंगर प्यारा, त्येनं ही सोयरीक मनापासनं धरलेली न्हाई," एवढं म्हणाले आणि मोटारीत बसले. सुभान बापामागून गेला. दोनदा वळून पाहिलं त्यानं.

मी चपला शोधत होतो तेव्हा दाराआडून खातूननं हाक मारली. अंगावर नवा हिरवा दुपट्टा होता.

"गुरुजी, अब्बांना वर काय झालं तर नसंल ना?"

त्या सगळ्या संध्याकाळी ही गोष्ट विचारणारी ती एकटीच. मी म्हणालो, "नाही गं, येतील." घरी आलो. बायकोनं जेवायला विचारलं तर जेवून आलो म्हणालो, आणि तेवढं मात्र खरं होतं.

सकाळी अंगणात चूळ भरत होतो, तर फाटकातून अल्लाबक्ष आला. स्वतःच्या घरी न जाता आधी माझ्याकडं. पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या, एका पायात चप्पल नाही, आवाज पार बसलेला. त्यानं मला पाहिलं आणि तसाच येऊन मिठी मारली.

"जित्ते हाव मास्तर! या अल्ला. समदी दरी पालथी घातली मी. म्हणलं कड्यावरनं गेलं का काय मास्तर, टाच सोललेली व्हती सकाळधरनं."

माझी टाच त्याच्या ध्यानात होती. दिवस मावळल्यावर तो माळशिरसला उतरला तेव्हा तिथल्या लोकांनी सांगितलं, जीप तर तीनलाच गेली, दोघंही तीत होते. मग त्याच्या जिवात जीव आला, तरी मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. तिथून यवतपर्यंत चालत, आणि पहाटेच्या मालगाडीच्या गार्डाला विनवून दौंडात.

"चालायचंच," तो म्हणाला. "गडबडीत सांगायचं राहून गेलं असंल."

हे तो म्हणाला. माझ्या बाजूनं, माझ्यासाठी, न रागावता. मी नुसतं 'हो, राहिलं, चुकलो' एवढं म्हणायचं बाकी होतं. तो हसला असता. मग आम्ही दोघं चांदबीकडं गेलो असतो, आणि त्याच दिवशी शिरूरला. पण आदल्या संध्याकाळी पंचवीसतीस माणसांनी माझ्या तोंडून ऐकलेलं होतं.

"मी सांगितलं होतं, अल्लाबक्षभाई," मी म्हणालो. "टाक्यावर. तुम्ही बरं म्हणालात."

"मी? मी बरं म्हणलो?"

"म्हणालात की."

तो माझ्याकडं बघत राहिला. संशयानं नव्हे. संशय घेतला असता तर बरं झालं असतं. तो आठवत होता. पातेलं, राख, टाकं, सगळं डोळ्यांपुढं आणून बघत होता आणि त्यात माझा आवाज शोधत होता.

"डाव्या कानानं कमी येतंय मला दोन वर्सं," तो शेवटी म्हणाला. "पर बरं म्हणलो म्हंजी ऐकलंच की. मंग ध्यानातनं कसं गेलं वो? पोरीची मंगनी डोक्यात व्हती दिवसभर, त्यात गेलं असंल." आणि मग एकदम, "मंगनी!" असं म्हणून तो एका चपलेनं घराकडं धावला.

आठ दिवसांनी आम्ही शिरूरला गेलो. त्यानं मला हात जोडून नेलं. "तुमी शिकलेले. तुमी दोन शबूद बोललात तर शेठ ऐकतील. चूक माजी, पर पोरीला सजा नगं." निघायच्या आदल्या दिवशी हौसरावांचा निरोप आला होता: मास्तरांना सांगा, जायचं तर जावा, माझं नाव मध्ये नको.

वखारीत सागाच्या फळ्यांचा वास होता. लालमहंमदशेठनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. सुभानही आला होता, बापामागं उभा. अल्लाबक्षचं सगळं ऐकून घेतल्यावर शेठ माझ्याकडं वळले.

"मास्तर, मी तुमाला एकच इचारतो. ह्येंला कुणी सांगितलंच नसतं, आन् दोन मानसांच्या जिवापायी हा गडी पोरीची मंगनी सोडून डोंगरावर थांबला असता, तर असल्या बापाची पोरगी मी डोक्यावर घिऊन नाचलो असतो. तसं हाय का? तसं असंल तर आत्ता बोला."

माणसाला यापेक्षा सरळ कुणी काय विचारणार? सुभान माझ्याकडं बघत होता, पुढं झुकून. माझे ओठ हलले असावेत. पण माझ्याआधी अल्लाबक्ष बोलला.

"न्हाई शेठ. उगं खोटं कशाला? मास्तरांनी सांगितलं व्हतं. मी बरं म्हणलो आन् इसरलो. मास्तर खोटं बोलायचे न्हाईत."

शेठनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. होकारार्थी.

"मंग इषय मिटला," ते म्हणाले. "इसरनारा मानूस वाईट न्हाई. पर ज्या घरात पोरीची मंगनी इसरत्यात, तितली पोरगी माज्या घरात नगं."

एस. टी. स्टँडपर्यंत सुभान आमच्याबरोबर आला. अल्लाबक्ष पाण्याला गेला तेव्हा तो हळूच म्हणाला, "मास्तर, दुसरं काही असेल तर मला सांगा. मी अब्बांची समजूत काढतो. कुणाचं नाव बाहेर येऊ देत नाही." चांगला मुलगा होता. मी म्हणालो, दुसरं काही नाही. गाडीत अल्लाबक्षनं मला खिडकीजवळ बसवलं. माझी टाच अजून दुखते का, असं विचारलं.

जूनमध्ये मी कायम झालो.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत अल्लाबक्षनं उभं राहून सांगितलं की शेवटचा माणूस विसराळू नको, मला मोकळं करा. मच्छिंद्र एकटा कुरकुरला. हौसराव म्हणाले की माणसानं स्वतःची चूक कबूल करणं ही मोठी गोष्ट आहे, आणि असा आदर्श सर्वांनी घ्यावा. मग त्याच्या जागी कोण, असा प्रश्न आला तेव्हा अल्लाबक्षनंच माझं नाव सुचवलं. ठराव मी लिहिला, माझ्याच वळणदार अक्षरात. दोन सहलींना मी शेवटी राहिलो. लोक येऊन माझ्या हातावर टाळी द्यायचे आणि मी हात लगेच मागं घ्यायचो. तिसऱ्या सहलीला मी टाच दुखते म्हणून घरीच राहिलो. चौथी सहल झाली नाही.

खातूनचं लग्न अडीच वर्षांनी झालं, कासुर्डीच्या एका बिजवराशी. त्याला आधीची तीन मुलं होती आणि त्याच्या आईला वाचणारी सून म्हणजे काहीतरी अवलक्षण वाटायचं. मंगनी मोडलेली पोरगी, 'काय तरी असल्याशिवाय का मोडली' असं म्हणायला गाव मोकळं असतं. सुभाननं वर्षभर वाट पाहिली म्हणतात. मग नगरकडची मुलगी केली.

अल्लाबक्षनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं, रस्त्यात माझ्यावर थुंकला असता, तर मला झोप तरी लागली असती. पण तो सणासुदीला घरी यायचा. ईदेला शीरखुर्मा, हंगामात सीताफळं. निवडून, मोठ्या डोळ्यांची. बायको म्हणायची, काय जीव आहे हो त्यांचा तुमच्यावर! मी फळं पोरांना वाटून टाकायचो.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळला. छातीचं दुखणं. भेटायला गेलो तर खातून आलेली होती, सासरहून आठ दिवसांसाठी. मी तिला पुष्कळ दिवसांनी पाहिलं. अठ्ठावीस वर्षांची असेल, चाळिशीची दिसत होती. हाताला भाजल्याचा डाग होता, विचारलं तर चुलीचा म्हणाली. तिनं मला स्टूल दिलं आणि बापाच्या पायाशी बसली.

अल्लाबक्षला बोलताना धाप लागत होती. मला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. मग खातूनकडं बघून म्हणाला, "मास्तरांच्या म्होरं सांगतो पोरी. तुज्या जल्माचं वाटोळं मी केलं. ह्येंनी येळंवर सांगितलं व्हतं. माज्याच ध्यानातनं गेलं. मला माफी कर."

"अब्बा, झालं का सुरू?" खातून म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. मग ती माझ्याकडं वळली. "रोज ह्येच चालतंय गुरुजी. सात वर्सं झाली. रातीचे उठून बसत्यात आन् इचारत्यात, मी कसा इसरलो, मी कसा इसरलो. आमचं कुणाचं ऐकत न्हाईत. तुमी तरी सांगा त्येंना. तुमचं खरं मानत्यात."

चांदबीही दारात येऊन उभी राहिली. तिघंही माझ्याकडं बघत होते. हौसराव आदल्या वर्षीच वारले होते. कमिटी बदलली होती. मला पेन्शनपर्यंत कुणी हलवू शकणार नव्हतं. आता भीती कशाचीच नव्हती, आणि तरीही माझी जीभ उचलेना. सात वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर खातूनला तिचं मोडलेलं लग्न परत मिळालं असतं. आता सांगितलं तर त्यांना फक्त मी मिळणार होतो, खराखुरा, आणि तेवढं मला सोसणार नव्हतं.

मी पुढं वाकलो आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"सोडा आता ते, अल्लाबक्षभाई," मी म्हणालो. "विसरतो माणूस."

"व्हय," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. खातून माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.